दोघांपुरता पपईचा केक

शहादा, जि. नंदुरबार

चि. भाचीस,

फळांचा हलका केक तीन गोष्टींवर उभा असतो: नेमके पिकलेले फळ, मोजून घेतलेले पीठ आणि त्या पिठात धरून ठेवलेली हवा. अंडी, दूध, लोणी, तूप यांतले काहीही नसले तरी तो उत्तम होतो. मात्र या तिन्हींपैकी एकीकडेही दुर्लक्ष झाले की तो घट्ट होतो किंवा लगदा बनतो. प्राणिजन्य काहीच न वापरता केलेल्या अन्नाला व्हीगन म्हणतात. अशा आहाराची चळवळ इंग्लंडमध्ये 1944 साली व्हीगन सोसायटीच्या स्थापनेने आकाराला आली. आपल्याकडे अंडे वर्ज्य करणारी घरे पुष्कळ, पण दूध-तूप सोडणारी थोडी. त्यामुळे ‘बिनअंड्याचा’ आणि ‘व्हीगन’ यांत गल्लत होते. व्हीगन पदार्थात दूध, दही, लोणी, तूप, दुधाची पावडर चालत नाही. सातपुड्यातला मधही चालत नाही. गूळ, साखर, शेंगदाणा तेल, तीळ, नारळ हे सर्व चालते. बाजारचे तयार पाकीट घेताना घटकांची यादी वाचावी, कारण मार्गरीन किंवा बिस्किटात दुधाचा अंश असू शकतो. भारतात व्हीगन अन्नासाठी 2022 मध्ये स्वतंत्र नियम झाले आहेत आणि अशा पाकिटांसाठी वेगळे चिन्हही ठरले आहे.

दोघांपुरता केक करायचा तर मोठ्या केकची कृती निम्मी किंवा पाव करून चालत नाही. भांडे लहान झाले की मिश्रणाची खोली, ताप आत शिरायला लागणारा वेळ आणि कडेने होणारी वाफ हे सारे बदलते. म्हणून प्रमाण पहिल्यापासूनच दोन वाट्यांचे बांधावे. अडीचशे मिलिलीटरच्या दोन जाड बुडाच्या स्टीलच्या वाट्या, तळाशी फळ आणि त्यावर पातळ केकचा थर, ही रचना सर्वांत सोयीची. फळाचा रस खाली राहतो, वरचा थर फुलतो, कापावे लागत नाही आणि वाटीतूनच खाता येते. लहान प्रमाणाचा खरा लाभ वेगळाच आहे. फळांचा केक केल्याच्या दिवशी सर्वांत चांगला लागतो. दुसऱ्या दिवशी फळाचा ओलावा वर चढून तो चिकट होतो. दोघांनी बसून संपवावा इतकाच केला तर तो शिळा होण्याचा प्रश्नच उरत नाही.

फळाची निवड हंगाम पाहून करावी. नंदुरबार जिल्ह्यात या बाबतीत काहीच उणे नाही. शहादा आणि तळोदा तालुक्यांत तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि पाणी यांमुळे पपई आणि केळी मोठ्या प्रमाणावर होतात. पपईच्या बाबतीत हा जिल्हा राज्यात अग्रगण्य आहे. साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत येथून पपईचे ट्रक उत्तर भारतात जातात. केळी बारा महिने मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धडगाव आणि तोरणमाळच्या डोंगरातली सीताफळे खाली बाजारात येतात. थंडीत अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात स्ट्रॉबेरी पिकते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचली जातात, त्यानंतर आंबा, आणि पावसाच्या तोंडावर जांभळे.

या फळांचा तापाशी संबंध मात्र सारखा नाही. केळे भाजले की गोडी वाढते आणि ते पिठाला बांधून ठेवते, म्हणून अंड्याची जागा घेणारे पहिले फळ तेच. पपई भाजल्यावर मऊ पडते आणि रस सोडते. तिला थोडे आंबट लागते, एरवी ती सपक लागते. आंबा आणि स्ट्रॉबेरी मुळातच आंबट-गोड असल्याने त्यांना आंबटाची गरज कमी. स्ट्रॉबेरी आणि जांभूळ सोडा घातलेल्या पिठात थेट मिसळू नये. त्यांचा लाल-जांभळा रंग आंबटात खुलतो आणि सोड्याच्या क्षारामुळे निळसर-करडा पडतो. ही फळे तळाशी वेगळ्या थरातच ठेवावीत.

सीताफळाबद्दल विशेष सावध राहावे. त्याचा गर तापवला की कडवट होतो आणि रंगही बिघडतो, म्हणून ते कधीही भाजू नये. बिया काळजीपूर्वक काढून गर गार ठेवावा आणि भाजलेल्या केकवर वाढताना घालावा. सीताफळाच्या बिया विषारी असतात. मिक्सरमध्ये त्या फुटल्या तर गर फेकून द्यावा लागतो. गर मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर हाताने चोळून वेगळा करणे हीच खात्रीची रीत. मोहाची वाळलेली फुले निवडून, धुऊन, भिजवून आणि बारीक वाटून गुळाच्या काही भागाऐवजी वापरता येतात. त्यांत साखर भरपूर असते, पण वास उग्र असतो, म्हणून गुळाच्या चौथ्या हिश्शापुरतीच घालावीत.

दोन वाट्यांसाठी साहित्य पुढीलप्रमाणे. तळाच्या थराला पपईच्या दीड सेंटीमीटरच्या फोडी 150 ग्रॅम, चिरलेला गूळ 10 ग्रॅम, लिंबाचा रस अर्धा छोटा चमचा, सुंठ चिमूटभर. वरच्या थराला चाळलेली कणीक 40 ग्रॅम, भगरीचे पीठ 10 ग्रॅम, पूर्ण पिकलेल्या केळ्याचा गर 50 ग्रॅम, म्हणजे मध्यम केळ्याचा साधारण निम्मा भाग, बारीक चिरलेला गूळ 20 ग्रॅम, शेंगदाणा तेल 15 मिलिलीटर म्हणजे एक मोठा चमचा, शेंगदाण्याचे दूध 40 मिलिलीटर, खाण्याचा सोडा छोट्या चमच्याचा आठवा भाग, लिंबाचा रस एक छोटा चमचा, मीठ चिमूटभर. एवढ्यात माणशी साधारण 280 ते 300 किलोकॅलरी होतात; जेवणानंतर जड वाटू नये असा हा मेळ आहे. छोटा चमचा म्हणजे 5 मिलिलीटर आणि मोठा म्हणजे 15 मिलिलीटर धरावा. घरातले चमचे वेगवेगळ्या मापांचे असतात, म्हणून हे दोन चमचे एकदा पाण्याने मोजून कायमचे बाजूला ठेवावेत.

या यादीतल्या प्रत्येक घटकाचे काम ठरलेले आहे. कणकेत पाणी मिसळले की ग्लूटेनचे धागे तयार होतात आणि तेच वायू धरून ठेवतात. भगरीत ग्लूटेन नसते. तिचे पीठ घातले की पोत भुसभुशीत होतो, पण ते पाचव्या भागाहून जास्त घातले तर केक कोसळतो. मोलगीची भगर जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. सातपुड्यात डोंगर-उतारावर पिकणारी मोर, बर्टी ही भरडधान्ये याच कुळातली. घरच्या जात्यावर किंवा मिक्सरमध्ये ती बारीक दळून चाळली की काम होते. केळ्यातला स्टार्च आणि पेक्टिन मिश्रणाला बांधतात. तेल धाग्यांना वेढून मऊपणा आणते. गूळ गोडी देतोच, शिवाय ओलावा धरून ठेवतो आणि वर तांबूस रंग आणतो.

हवा भरण्याचे काम सोडा आणि आंबट मिळून करतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याची आम्लाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याचे बारीक बुडबुडे पिठात अडकतात. पुढे तापाने हे बुडबुडे फुगतात, पाण्याची वाफ त्यांत भर घालते, आणि त्याच सुमारास पीठ शिजून घट्ट होते. ही वेळ जुळली की केक हलका होतो. सोडा जास्त झाला आणि आंबट कमी पडले तर साबणासारखी चव येते, रंग काळवंडतो. सोडा कमी पडला तर केक बसतो. पन्नास ग्रॅम पिठाला छोट्या चमच्याचा आठवा भाग सोडा पुरेसा आहे. अंदाजाने एक चिमटी जास्त पडली तरी इतक्या लहान प्रमाणात चव बिघडते.

आंबटासाठी लिंबू नसेल तर आमचूर वापरावे. अक्राणी (धडगाव) तालुक्याच्या डोंगरात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून ते तयार होते आणि येथील अनेक घरांना त्यातून हातात पैसा येतो. अर्धा छोटा चमचा बारीक आमचूर एका छोट्या चमचा लिंबूरसाच्या जागी पुरते. मात्र ते कोरडे न घालता आधी शेंगदाण्याच्या दुधात पाच मिनिटे भिजवावे, म्हणजे त्यातले आम्ल पाण्यात उतरते आणि सोड्याशी लगेच भिडते.

शेंगदाण्याचे दूध करणे सोपे आहे. 25 ग्रॅम कच्चे शेंगदाणे चार ते सहा तास भिजवून साली काढाव्यात, 100 मिलिलीटर पाण्यासह बारीक वाटून पातळ फडक्यातून पिळून घ्यावेत. उरलेला चोथा टाकू नये. तो चमचाभर तव्यावर कोरडा परतून केकवर भुरभुरवावा. खाणाऱ्यांपैकी कोणाला शेंगदाणा वर्ज्य असेल तर दूध नारळाचे आणि तेल तिळाचे किंवा सूर्यफुलाचे घ्यावे. नवा पाहुणा असेल तर हे आधी विचारून घेणे हे करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

पपईचे फळ सालीवर पिवळेपणा आलेले, पण बोटाने दाबल्यावर किंचित टणक लागणारे निवडावे. फार पिकलेल्या फोडी तापात विरघळून पाणी होतात. हिरवट फळात चीक आणि पपेन हे एन्झाइम जास्त असते. पपेन प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या पपईचा गर जिलेटिनमध्ये घातला की ते घट्ट बसत नाही, ते याच कारणाने. जिलेटिन प्राण्यांपासून बनते, त्यामुळे ते व्हीगन स्वयंपाकात तसेही येत नाही. फळे थंड करून घट्ट बसवायची झाल्यास समुद्री शेवाळापासून मिळणारे चायनाग्रास वापरावे, त्यावर पपेनचा परिणाम होत नाही. घरी आणलेले फळ हिरवट असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावे.

भाजण्याची जागा आधी तापलेली असली पाहिजे. मिश्रण कालवल्यावर ओव्हन पेटवणे ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे, कारण सोडा आणि लिंबू भेटले की वायू सुटू लागतो आणि थांबलेल्या दहा मिनिटांत तो निघून जातो. ओटीजी म्हणजे विजेचा लहान ओव्हन असेल तर 180 अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे तापवावा. ओटीजी नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल तर कुकर किंवा जाड बुडाची कढई तितकीच चांगली. कुकरच्या तळाशी एक सेंटीमीटर जाड मिठाचा थर पसरावा, त्यावर तिवई किंवा उपडी ताटली ठेवावी, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून टाकावीत, पाणी मुळीच घालू नये, आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. रिंग किंवा शिट्टी लावून कोरडा कुकर तापवणे धोक्याचे आहे. वापरलेले मीठ पुढच्या वेळेसाठी डब्यात जपून ठेवता येते; ते जेवणात मात्र वापरू नये.

ओव्हनशिवाय भाजण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. कोकणात काकडी, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे यांचे धोंडस पूर्वीपासून जाड भांड्यात, खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजले जाते. तूप वगळले की ते थेट व्हीगन केकच आहे. चुलीवर करायचे तर तीच रीत येथेही लागू पडते. खालची आच कमी आणि वरचे निखारे जास्त ठेवावेत, कारण खालून ताप पटकन लागतो आणि गुळाचा तळ करपतो.

आता कृतीचा क्रम. प्रथम पपईच्या फोडींना गूळ, लिंबूरस आणि सुंठ चोळून दोन्ही वाट्यांत सारख्या वाटाव्यात. वाट्या तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा कुकरमध्ये आठ मिनिटे नुसत्याच ठेवाव्यात. फळ गरम झाल्याने वरचे पीठ खालूनही शिजू लागते आणि तळाशी कच्चा, चिकट थर राहत नाही. वाटीत दोन मोठ्या चमच्यांहून जास्त रस सुटला तर जादा रस काढून घ्यावा आणि वाढताना वरून घालावा.

तोवर कणीक, भगरीचे पीठ, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. चाळण्याने सोड्याची गुठळी मोडते. ती राहिली तर खाताना तेवढ्या घासाला कडू-खारट चव येते. दुसऱ्या भांड्यात केळे काट्याने पूर्ण कुस्करावे, त्यात गूळ आणि शेंगदाण्याचे दूध घालून गूळ विरघळेपर्यंत हलवावे, मग तेल घालून चांगले फेटावे. फेटायचे ते इथेच, पीठ पडण्याआधी. गुळाच्या गुठळ्या राहिल्या तर त्या भाजताना पाघळून केकमध्ये पोकळ्या पाडतात.

या ओल्या मिश्रणात पीठ एकाच वेळी घालून कालथ्याने खालून वर उलटवत दहा-बारा वेळा हलवावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. बारीक गुठळी राहिली तरी चालेल, पण जास्त घोळले तर ग्लूटेनचे धागे ताणले जाऊन केक चिवट होतो. पोळीची कणीक मळून मळून मऊ करायची सवय असलेल्या हाताला हे थांबणे कठीण जाते, म्हणून हलवताना मोजावे. शेवटी लिंबाचा रस घालून दोन-तीनदाच फिरवावे. मिश्रण चमच्यातून सावकाश, जाड धारेने पडावे. फार घट्ट असेल तर चमचाभर शेंगदाण्याचे दूध घालावे. नंदुरबारच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर फार तापते आणि वायू लवकर सुटतो, तेव्हा हे काम सकाळी उरकावे.

गरम वाट्या फडक्याने धरून बाहेर काढाव्यात, मिश्रण दोन्हींत सारखे ओतावे आणि लगेच परत ठेवावे. वाटी वरून एक तृतीयांश रिकामी राहिली पाहिजे. ओटीजीत 22 ते 25 मिनिटे, कुकर किंवा कढईत मंद ते मध्यम आचेवर 25 ते 30 मिनिटे लागतात. पहिली पंधरा मिनिटे झाकण किंवा दार उघडू नये. ताप अचानक उतरला की न शिजलेला मधला भाग खाली बसतो आणि पुन्हा वर येत नाही. मग केकच्या थरात, फळापर्यंत न जाता, बारीक सुरी टोचून पाहावी. ती कोरडी निघाली, कडा वाटीपासून किंचित सुटल्या आणि वर बोट लावल्यावर खळगा भरून आला की केक झाला. कुकरमध्ये वरून ताप कमी मिळतो, त्यामुळे रंग फिकट राहतो. तो कच्चेपणा समजू नये.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबावे. तेवढ्यात वाफ स्थिर होते, रस दाटतो आणि जीभही भाजत नाही. वर शेंगदाण्याचा परतलेला चोथा किंवा भाजलेले तीळ घालावेत. हंगाम असेल तर गार सीताफळाचा गर चमचाभर घालावा. गरम केक आणि गार गर एकत्र खाण्यात मोठा आनंद आहे.

दोष आढळला तर कारण शोधावे आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलावी. मधोमध खळगा पडला तर सोडा जास्त किंवा झाकण लवकर उघडले. वर फुगून भेग पडली तर आच मोठी. आत ओलसर-चिकट राहिला तर पपई फार पिकलेली किंवा केळे मापाबाहेर. चिवट झाला तर जास्त घोळले गेले. तळ करपला तर मिठाचा थर पातळ किंवा आच जास्त. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही. प्रत्येक वेळी फळाचे वजन, आच आणि मिनिटे वहीत लिहून ठेवावीत. चार-पाच नोंदींनंतर आपल्या चुलीचे आणि आपल्या वाट्यांचे अचूक गणित हाती येते.

ही कृती एकदा बसली की फळ बदलत जावे: पपईच्या जागी आंबा, मग जांभूळ, मग स्ट्रॉबेरी. आंबट फळाला तळाच्या थरातला लिंबूरस वगळावा आणि गूळ पाच ग्रॅम वाढवावा. वरच्या थरातला सोडा आणि लिंबू यांना मात्र हात लावू नये. महागडे साहित्य किंवा शहरातले दुकान यांवाचून काहीही अडत नाही. जिल्ह्याच्या शेतात आणि डोंगरात जे पिकते, त्यातूनच दोन माणसांचा उत्तम गोड घास तयार होतो. पहिला केक या आठवड्यातच, बाजारातून चांगली पपई आणून करावा, आणि तो ज्याच्यासोबत खायचा त्यालाही केळे कुस्करायला सोबत घ्यावे.

 

तुझी मावशी